दादारावांचे तीन महिने

एचआयव्ही तपासणीच्या खोलीत समुपदेशकाची नोकरी केली की किस्से साठणारच. कारण तिथलं बाहेर काही सांगायचं नसतं! नळदुर्ग भागातल्या एका सरकारी दवाखान्यात मी नऊ वर्षं होते. घरी नवरा विचारायचा, "आज काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही," आणि भाकरी थापता थापता एकटीच हसायचे. आता बदली झालीये, पण त्या खोलीची फार आठवण येते. नावं बदललेली आहेत, हे आधीच सांगते.

* * *

पहिला मान 'मित्रा'चा.

"मॅडम, माझ्या एका मित्राकडनं चूक झालीय," म्हणत पन्नाशीचे एक गृहस्थ अर्धा तास बोलले. मित्राला झोप नव्हती, मित्राला जेवण जात नव्हतं. आमचे लॅब टेक्निशियन जाधवकाका सुई उघडत शांतपणे म्हणाले, "बरं, मित्राचा हात करा इकडं!"

गृहस्थांनी मुकाट्यानं बाही वर केली.

* * *

दादाराव ढोकीकडचे, कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचे. बाहेरगावी असताना एकदा पाऊल घसरलं आणि आठ दिवसांत माणूस निम्मा झाला. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून साठेक किलोमीटर लांब आमच्याकडं आले, तर व्हरांड्यात समोर सख्खा मेहुणा! तोही त्याच हिशोबानं लांब आलेला.

"दाजी, तुमी हिकडं कुठं?"

"दाढ दुखायलीय. तू?"

"माझी बी दाढच!"

आमच्याकडं दातांचा डॉक्टर कधीच नव्हता.

आत आल्यावर मात्र दादाराव दाढ विसरले. "मॅडम, माझं काय बी होऊ द्या. घरी दोन महिन्यांची पोरगी हाय. तिला काय व्हणार न्हाय ना?" उचलून घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही, हे मी तीनदा सांगितलं. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण खात्रीसाठी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं होतं.

* * *

तुळजापूरहून एकजण कपाळाला कुंकू फासून थेट रिपोर्ट घ्यायला आला. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला. "आधी परसाद खावा, मग सांगा." मी खाल्ला. रिपोर्ट निगेटिव्ह होता.

"ठावं होतं मला! आईचा परसाद तोंडात असल्यावर वाईट कसं बोलताल?"

पुढं महिनाभर जाधवकाका रिपोर्ट देण्याआधी मला विचारायचे, "पेढा आणू का?"

* * *

दादारावांना तीन महिने कुठले निघतात! ते दर आठवड्याला हजर. शेवटी जाधवकाका वैतागले. "अहो, पेरल्यावर दुसऱ्या दिवशी उकरून बघता का तुम्ही?"

"बघतो की! रोज बघतो."

आम्ही दोघंही हसलो, पण ते हसले नाहीत. म्हणाले, "पोरगी पालथी पडायली, मॅडम. म्या उंबऱ्यातनंच बघतो. घरी सांगितलंय, मला खरूज झालीय." मी पुन्हा सगळं समजावलं. त्यांनी मान डोलावली. घरी जाऊन तेच केलं असणार, उंबऱ्यात उभे!

* * *

तीन महिने भरले त्या दिवशी दादाराव एकटेच आले. घरी सांगितलं होतं, ट्रॅक्टरचा पार्ट आणायला चाललोय.

रिपोर्ट निगेटिव्ह. त्यांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, मग ढसाढसा रडले. जाधवकाकांनी पाणी दिलं. मी त्यांना सोडायला दार उघडलं, तर समोरच्या बाकावर एक बाई बसलेली. डोक्यावर पदर, मांडीवर पोर.

दादाराव जागीच थिजले. "तू? तू कशी आलीस हितं?"

मी जाधवकाकांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आमच्यातल्या कुणी एक शब्द बाहेर काढला नव्हता. मग मला मेहुण्याची दाढ आठवली.

ती उठली. नवऱ्याच्या हातातल्या कागदाकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. पोर त्यांच्या छातीशी दिली आणि म्हणाली, "धरा आता. तीन महिने झाले, माझे हात भरून आले."