नेहमीसारखं राहायचा गट

छकुली हे नाव लहानपणी पडलं आणि चिकटलं. आता ती चोवीस वर्षांची, अंगाने चांगली भरलेली, चष्म्याच्या दुकानात दिवसभर स्टुलावर बसून फ्रेममध्ये काचा बसवणारी. तरी घरी छकुलीच. गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून जिना चढताना दम लागला की तिला आपल्याही हृदयाची धास्ती वाटायची. धाप ओसरेपर्यंत ती जिन्यातच थांबायची आणि मग दार वाजवायची.

कोणत्या व्यायामाने तरुण मुलींचं हृदय जास्त सुधारतं याचा जवळच्या कॉलेजात अभ्यास होणार, हे कळल्यावर तिने लगेच नाव दिलं. घरी सांगूनही टाकलं.

"तुम्ही पळणार, वन्सं?" वहिनी म्हणाली. "जमिनीला आधी कळवा हो."

चिठ्ठ्या टाकून तीन गट पाडले. एक पळणाऱ्यांचा, एक वजनं उचलणाऱ्यांचा. तिसऱ्याने काही महिने नवं काहीच करायचं नव्हतं; नेहमीसारखं राहायचं. छकुली तिसऱ्यात निघाली. अभ्यास करणारी ताई तिच्याहून थोडीच मोठी. तिने समजावलं, "तुमच्याशी ताडून बघितल्याशिवाय त्यांचं हृदय सुधारलं असं म्हणता येत नाही. नंतर हवा तो व्यायाम शिकवू."

हे घरी कोणत्या तोंडाने सांगायचं? निवडली ती बसून राहायला! तिने ठोकून दिलं, "पळायच्या गटात आहे."

मग रोज सकाळी बूट घालून बाहेर पडणं आलं. सुरुवातीला ती कॉलेजमागच्या बाकावर वेळ काढायची आणि परत निघताना नळाच्या पाण्याने कपाळ ओलं करायची. पण थंडी वाजायची, म्हणून चालू लागली. चालता चालता एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळून पाहिलं. कुणी हसलं नाही. मग आणखी एक खांब.

दर आठवड्याला ताईचा फोन यायचा. "नेहमीसारखंच ना?"

"हो ताई, नेहमीसारखंच."

बाबा शेजारीपाजारी सांगत सुटले, "आमची छकुली पळते!" जिन्यात थांबणं कधी सुटलं, ते तिचं तिलाही कळलं नाही.

शेवटच्या तपासणीला छातीला तारा लावून तिला फिरत्या पट्ट्यावर पळवलं. ताईने आकडे पाहिले, तारा पुन्हा चिकटवल्या, पुन्हा पळवलं.

"तुमच्या गटात असं कुणाचंच नाही," ती कपाळ चोळत म्हणाली. "मशीनच बिघडलंय. आजवर तपासलेल्या सगळ्या मुलींना परत बोलवावं लागणार."

छकुली पट्ट्यावरून उतरली. "मशीन ठीक आहे, ताई. मी पळत होते."

"कधीपासून?"

"जवळजवळ पहिल्यापासूनच."

"मी दर आठवड्याला विचारत होते तुम्हाला."

ताई पाठ फिरवून तारा गुंडाळू लागली. "तुम्हाला अभ्यासातून काढावं लागेल." छकुली दारापर्यंत गेली तेव्हा ती मागे न बघता म्हणाली, "हृदय छान आहे तुमचं."

हेच ऐकायला ती इथे आली होती. आता ऐकून तिचे कान तापले.

घरी बाबा वाटच बघत होते. "काय म्हणाल्या? पहिली आलीस?"

तिने सगळं सांगितलं. वहिनी हसून हसून खुर्चीत बसली. "अहो वन्सं, नुसतं बसायचं होतं, तेही जमलं नाही तुम्हाला?"

छकुलीही हसली असती, पण बाबा हसले नव्हते.

"त्या पोरीचं काम बिघडवलंस की गं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सवयीने पहाटेच जाग आली. आता कुणाला दाखवायचं नव्हतं. तरी तिने बूट चढवले. कॉलेजवरून जायची लाज वाटली, म्हणून मागच्या रस्त्याने निघाली. तो सगळा चढाचा होता.