हान्चो-सानांची नजर

हान्चो-सानांनी कशावर पटकन विश्वास ठेवल्याचं मी कधी पाहिलं नाही. ज्या गावात कुणी दाराला कुलूप लावत नाही, तिथे ते कुलूप लावायचे, थोडं पुढे जायचे आणि परत येऊन ओढून बघायचे. टीव्हीवर पाऊस नाही असं सांगितलं, की हे हमखास छत्री घेऊन निघणार. मग पुण्याहून आलेल्या आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या माझ्यासारख्याची काय कथा!

गाव कागदोपत्री शहर. चारी बाजूंनी डोंगर, मधे भातखाचरं, आणि तासातासाने दोन डब्यांची गाडी येणारं एक स्टेशन. शेतीची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं काम मिळालं म्हणून आम्ही टोकियोतलं एदोगावा सोडून इथे आलो. एदोगावात खाली उतरलं की कुणीतरी मराठीत हाक मारायचं. इथे गल्लीतली निम्मी घरं बंद, आणि उरलेल्यांवर हान्चो-सानांची नजर. हान्चो म्हणजे गल्लीचा प्रमुख, आपल्याकडचा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणा, आणि सान म्हणजे आपलं 'राव'. माझ्या बायकोने, मृणालने, पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव 'हवालदार' ठेवलं.

त्यांना दुखवून चालणार नव्हतं. आमची घरमालकीण कोबेला राहायची. दर दोन वर्षांनी करार वाढवायचा, आणि त्याआधी हान्चो-सानांना फोन करून आमची चौकशी करणार, असं तिने आधीच बजावलं होतं. आमची ईरा शाळेत नुकती कुठे रमली होती. "आता मी शाळा बदलणार नाही हं, बाबा," असं ती जपानीत ठणकावून सांगायची. थोडक्यात, आमचं बस्तान या एका म्हाताऱ्याच्या शब्दावर टेकलेलं होतं.

कचऱ्याच्या दिवशी ते आधीच येऊन उभे असायचे. पिशव्या पारदर्शक, त्यामुळे झडतीला सोपं.

"साठे-सान, ही पिवळी पूड कसली?"

"हळद आहे. जेवणात घालतो."

"रोज?"

"रोज."

"बघून ठेवलेलं बरं," असं पुटपुटत ते पिशवी उजेडात धरायचे. हे त्यांचं पेटंट वाक्य. आमचा कुकर शिट्ट्या मारायला लागला की याच वाक्यासह ते फाटकापाशी हजर व्हायचे.

आम्हीही काही कमी नव्हतो. कधी दारात मुळे, वांगी, मातीसकट बटाटे ठेवलेले असायचे. नाव नाही, गाव नाही. "हे हवालदारांचंच काम," मृणाल म्हणायची. "आपण काय करतो ते बघायचंय त्यांना." वांग्याचं भरीत खातानाही आम्ही खिडकीचा पडदा ओढून घ्यायचो.

मृणाल एकुलती एक. तिचे बाबा आदल्या वर्षी गेले, आणि तिला विमानाचं तिकीट मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून पितृपक्षात त्यांच्या तिथीला तिने वरण-भात, खीर, वडे असं साग्रसंगीत केलं आणि मागच्या भिंतीवर घास ठेवला. थोड्या वेळाने बघते तर पान गायब. "बाबा आले," म्हणून ती रडली. मी मात्र वरच्या खिडकीतून पाहिलं होतं. घास हवालदारांनी उचलला होता, पानासकट, पिशवीत घालून!

तिला सांगितल्यावर ती तशीच त्यांच्या दारात गेली. मी मागोमाग. करार गेला, शाळा गेली, असं मनात म्हणत होतो.

"ते माझ्या वडिलांचं जेवण होतं," ती मोडक्या जपानीत म्हणाली. "कावळ्यासाठी ठेवलं होतं. तुम्ही का घेतलंत?"

हवालदारांनी डोंगराकडे बोट दाखवलं. "परवा वरच्या शेतात अस्वल आलं होतं," ते म्हणाले. "लाउडस्पीकरवर सांगत होते, ऐकलं नाहीत? तुमची मुलगी त्याच भिंतीजवळून शाळेतून येते. वडिलांवर माझा संशय नाही. अस्वलावर आहे."

मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडेही याच दिवसांत पितरांना नैवेद्य दाखवतात. ते बायकोच्या थडग्यापुढे गोड भाताचे गोळे ठेवतात, हात जोडतात आणि घरी आणून स्वतः खातात. मागे काही ठेवायचं नाही, हा नियम. "तिचं झालं, की मग माझं," ते म्हणाले.

मृणालने घरी येऊन दुसरं पान वाढलं आणि भिंतीवर ठेवलं. हवालदार कमरेला अस्वल पळवायची घंटा बांधून आले आणि डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. कावळा तारेवर बसून मान वाकडी करून करून बघत होता. तोही त्यांच्याच जातीचा. शेवटी उतरला, वडा उचलून गेला. मृणाल ओक्साबोक्शी रडली. हवालदारांनी उरलेला वडा हुंगला, उलटा करून पाहिला आणि खाल्ला. मला त्या क्षणी हा माणूस फार आवडला.

म्हणून काही त्यांनी आमच्या पिशव्या बघणं सोडलं नाही. थंडीत ते आजारी पडले. हॉस्पिटलात मी संत्री घेऊन गेलो, तर विचारलं, "ईरा एकटी येते का अजून?" मी नाही म्हटलं. "नक्की?" असं त्यांनी पुन्हा विचारलं. भात लावायच्या आधीच ते गेले. गल्लीत आणखी एक घर बंद झालं.

कराराची तारीख जवळ आली, तशी मला झोप लागेना. आता आमच्यासाठी शब्द टाकणार कोण? शेवटी मालकिणीचाच फोन आला. तिने करार वाढवला होता.

"चौकशी नाही केलीत?" मी विचारलं.

"हॉस्पिटलात जाण्याआधी त्यांनीच मला फोन केला होता," ती म्हणाली. "म्हणाले, दोन वर्षं नजर ठेवून आहे, अजून काही सापडलं नाही. सापडेपर्यंत राहू द्या त्यांना."