राहून गेलेली चाचणी

सुनंदा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पुण्यात प्रयोगशाळेतच होतो. झोपेतच गेली म्हणाले. महिना उलटला, तरी काही अडलं की तिला विचारावंसं वाटतं...

ती जुन्नरकडच्या मढची, मेंढपाळाची लेक. मी पिंपळवंडीच्या शेतकऱ्याचा मुलगा. आम्ही दोघं प्रथिनांवर काम करायचो. प्रथिनाचा रेणू म्हणजे नीट घडी घातलेला धागा. पण त्यांतले मोजके रेणू क्षणभर एका कडेनं उलगडतात आणि पुन्हा मिटतात. त्या अर्धवट उलगडलेल्या रूपाचा आकार सुनंदाला हवा होता. तो थेट दिसत नाही. रेणू तपासायच्या यंत्रात उमटणाऱ्या रेषा किंचित पसरतात, त्यावरून ताडायचा. ती त्या रेषांपुढे आठवडेच्या आठवडे बसायची, आणि मी उतावळा, चिडून चहाला जायचो.

अखेर आकार हाती आला. लेख छापला गेला, तिची कायम नोकरी जवळजवळ पक्की झाली. सगळे पेढे खात होते आणि हिनं मला बाजूला घेतलं. आमच्या दोघांत ती गावचंच बोलायची.

"मेंढरं मोजताना एक जास्त भरलं, की बा आधी बघतो, दुसऱ्याचा कळप मिसळलाय का. भाऊ, नमुना पातळ करून बघितला व्हता ना?"

ते काम माझं होतं. मी केलं नव्हतं. तरी "हो" म्हणालो.

तिनं स्वतः पुन्हा करून पाहिलं. पातळ नमुन्यात रेणू एकमेकांपासून लांब जातात; त्यात रेषांचं पसरणं नाहीसं झालं. म्हणजे एकटा रेणू उलगडत नव्हताच. दोन रेणू एकमेकांना चिकटत होते. तिनं लेख मागे घेतला आणि पत्रात लिहिलं, चूक माझी. नोकरी हुकली. ती जुन्नरला कॉलेजात शिकवू लागली. सुट्टीत पुण्याला यायची, यंत्रावर मिळतील तेवढे तास घ्यायची, आणि काही वर्षांनी दुसऱ्या एका प्रथिनात तिनं ते रूप खरोखर पकडलं. या वेळी नमुना तिनं पाच वेळा पातळ केला. इतकी खरी माणसं मी फार पाहिली नाहीत. मला एका शब्दानं बोलली नाही.

परवा मढला गेलो. तिच्या खोलीत वह्यांची चळत तशीच होती. तिच्या आईनं चहा दिला आणि विचारलं, "पुन्याची नोकरी माझ्याच चुकीनं गेली, म्हनायची. लई हुशार व्हती रं. खरंच चुकली व्हती का?"

"नाय, आई. चूक माझी व्हती. तिला ठावं व्हतं."

आईनं वरची वही उचलून पदरानं पुसली.

"मंग ती व्हती तवाच हे मला कुनी सांगायचं?"