बरा झालेला उंदीर

नव्वदीच्या सुरुवातीला बारामतीच्या कॉलेजात आम्ही पांढऱ्या उंदरांच्या पाठीवर जखम करायचो, ती मुद्दाम चिघळू द्यायचो आणि मग वर दगडी पाल्याचा अर्क लावायचो. पुवाच्या त्या वासात डबा उघडायचीही शिसारी यायची. सर मात्र तिथंच खुशाल चहा भुरकायचे.

अखेर एका उंदराची जखम भरली, गुलाबी कातडी आली.

"झकास!" म्हणत सरांनी कप खाली ठेवला आणि उंदराची मान मोडली. ती नवी कातडी त्यांना कापून तपासायची होती.

पाला आमच्या गावचा, वरकुट्याच्या शेताच्या बांधावरचा. घरी गेले तेव्हा आई पुढच्या उंदरांसाठी तो खुडतच होती.

"बरा झाला का गं उंदीर?"

"व्हय."

"मंग आता सोडून दिला आसंल त्याला?"