गच्चीवरच्या कक्षा

उलव्याला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सकाळी आम्ही तिघं लॅपटॉप उघडून बसतो आणि पायथॉनमध्ये उपग्रहांच्या, ग्रहांच्या कक्षा काढतो. कक्षा थोड्याच निघतात, किस्से मात्र साठत जातात. मी गणिताची शिक्षिका, म्हणून शिकवणं माझ्याकडे. विद्यार्थी दोन: सावंत वहिनी आणि बंदरातून रिटायर झालेले घरत काका.

*

पहिल्याच दिवशी काकांनी अंतराळ स्थानकाची कक्षा काढली. उंची बरोबर घातली, पण तिच्यात पृथ्वीची त्रिज्या मिळवायची राहिली. स्थानक थेट पृथ्वीच्या पोटात फिरायला लागलं.

वहिनी म्हणाल्या, "काका, मेट्रोचं काम काढलंत काय?"

काका हसले नाहीत. "मॅडम, याला फेरी मारून परत यायला किती टाइम लागतो?"

"दीड तास."

"बरं हाय त्याचं."

काकांची मुलगी प्राची जर्मनीत नोकरीला आहे. तीन वर्षं 'या दिवाळीला नक्की' एवढंच चाललं होतं.

*

वहिनींनी सूर्यमाला काढली, तीही खऱ्या मापाची. स्क्रीनवर नुसता काळोख.

"माझे ग्रह गेले कुठे?"

"आहेत सगळे. लांब लांब आहेत, म्हणून दिसत नाहीत."

"आमच्या घरासारखंच," काका बोलले. वहिनींनी गुपचूप नारळाच्या वड्यांचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

*

एकदा काकांनी ग्रुपवर मेसेज टाकला: दुपारी दोन दहाला गच्चीवर या, स्थानक दिसणार. अख्खी विंग भर उन्हात माना वर करून उभी! प्रोग्रॅम ग्रिनिचची वेळ देतो, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, हे काका विसरले होते.

"आधी सांगायचंत, पापड तरी वाळत घातले असते," वहिनी म्हणाल्या.

संध्याकाळी खऱ्या वेळेला गच्चीवर काका आणि मी दोघंच. वायव्येकडून ठिपका निघाला आणि चमकत डोक्यावरून गेला.

"आत्ता पंधरा-वीस मिनिटांपूर्वी प्राचीच्या गावावर होतं," काका म्हणाले. "तिकडं अजून उजेड, तिला नाय दिसत. पन तिच्यावरूनच येतं."

*

या दिवाळीला प्राची खरंच आली, आठवड्याभरासाठी. काकांनी वेळ काढून ठेवली होती, या खेपेला साडेपाच तास मिळवून. गच्ची पुन्हा भरली. ठिपका अगदी वेळेवर उगवला, सगळ्यांच्या माना वर झाल्या. काका तेवढे प्राचीकडे बघत उभे होते.

"पप्पा, वर बघा ना, चाललं ते!"

"जाऊ दे," काका म्हणाले. "ते येतंय दीड तासात परत."