घरी जाताना सहा मिनिटं

मंडळी, आजच घडलेलं लिहिते.

मी विक्रोळीत चौथीला शिकवते. वेळ आणि अंतर समजावं म्हणून मुलांना आठवडाभर घर ते शाळा येता-जाता चालायला किती मिनिटं लागतात ते वहीत लिहायला सांगितलं होतं. आज वह्या तपासल्या. एका मुलीने, तिला सानिका म्हणू, लिहिलं होतं: येताना चौदा, जाताना सहा. रोज तेच.

"अगं, रस्ता एकच ना? मग असं कसं?"

"टीचर, जाताना मी पळते. कंपनीच्या भिंतीपाशी एक काका असतात. ते मागे येतात."

शाळा सुटल्यावर मी तिच्यासोबत निघाले. भिंत दिसताच तिने माझा हात घट्ट धरला. तिथे खरंच एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड. तो हसून म्हणाला, "काय सानिका, आज टीचर पण?"

तिने त्याला नाव कधीच सांगितलं नव्हतं.

मी फोन काढताच तो गल्लीत शिरला. तिच्या आईला घेऊन पोलिसांत तक्रार दिलीय. तो अजून सापडलेला नाही.

तुमची मुलं घरी धापा टाकत येतात का? का पळत आलात, असं कधी विचारलंय?