पोलाद सरकतं तेव्हा

मंडळी, आज आंबिवलीला लेकीच्या गाळ्यात तिला खडसावायला गेले. बँकेची नोकरी सोडून बाईसाहेब सुऱ्या घडवतात, आणि बँक परत घ्यायला तयार आहे.

ती तापलेल्या पोलादावर हातोडा घालत होती. मी म्हटलं, "अगं, ग्राइंडरने पोलादाच्या पट्टीतून सुरी कापून काढ ना. मनगट मोडून घेशील."

"तशाही करते, आई. त्याही इतक्याच चांगल्या चालतात. पण तिथे पोलाद कमी होत जातं, इथे ते सरकतं. बघ."

मोदकाची पारी करावी तसा तो लालभडक तुकडा पातळ होत, लांबत गेला. जवळजवळ काहीही वाया न जाता सुरीचा आकार आला. मी म्हटलं, "अजून एक करून दाखव."

घरी तिचे बाबा विचारतायत, "समजावलंस का?"

बँकेचा विषय मी काढलाच नाही. तुम्ही काढला असता?